सरकारी जमीन आणि देवाचा पट्टा

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ११ मे १९५१ रोजी प्रभासपाटण येथे सोमनाथाच्या नव्या मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना केली, आणि त्याच राजेंद्रबाबूंनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आमच्या भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले. पहिल्या समारंभाला राष्ट्रपतींनी जावे की जाऊ नये, यावरून पंतप्रधान नेहरू आणि त्यांच्यात जो मतभेद झाला तो सर्वश्रुत आहे, आणि आजही धर्म आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे वक्ते तोच प्रसंग उगाळतात. परंतु त्या प्रसंगातील अधिक महत्त्वाची जी गोष्ट, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल सोमनाथाच्या भग्नावशेषांसमोर उभे राहिले आणि मंदिराच्या पुनर्निर्माणाचा संकल्प जाहीर झाला, तेव्हा त्यांच्यासमवेत केंद्रीय मंत्री काकासाहेब गाडगीळ होते. आणि हा संकल्प महात्माजींच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी मंदिराला विरोध केला नाही, तर एवढेच बजावले की त्याचा पैसा सरकारी खजिन्यातून येता कामा नये, लोकांनी तो वर्गणीने उभा करावा. सरदारांनी ते मानले, विश्वस्त मंडळ नेमले गेले आणि मंदिर लोकांच्या पैशांतून उभे राहिले. गांधी, पटेल आणि गाडगीळ या तिघांपैकी एकालाही कोणी धर्मद्वेष्टा म्हणणार नाही. खजिना आणि गाभारा यांच्यामधली ही रेषा आपल्या देशात श्रद्धावंतांनी स्वतःच्या हाताने आखली आहे, हे एकदा नीट ध्यानात घेतले म्हणजे पुढचे पुष्कळसे कोलाहल निरर्थक वाटू लागतात.

भिलाईत राहणाऱ्या माणसाला या रेषेची आठवण वारंवार व्हावी असे येथे पुष्कळ काही आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, दुर्गजवळच्या खेड्यांची शेते संपादित झाली आणि पाहता पाहता सेक्टरांची एक आखीव नगरी उभी राहिली, जिच्यात क्वार्टर सरकारी, रस्ता सरकारी, शाळा सरकारी, इस्पितळ सरकारी, आणि घरापुढच्या कडुनिंबाची सावलीदेखील सरकारी जमिनीवर पडणारी. येथे जो आला तो आपले गाव मागे ठेवून आला; पण देव मागे ठेवून कोणी आले नाही. सेक्टर ४ मध्ये ओडिया बांधवांचे जगन्नाथ मंदिर आहे आणि आषाढात तेथून रथ निघतो. सेक्टर २ मध्ये मलयाळी मंडळींचा अय्यप्पा आहे. सेक्टर ९ च्या इस्पितळाजवळचा हनुमान तर रुग्णांच्या नातेवाइकांचा रात्रंदिवसाचा आधार आहे. आणि सेक्टर ६ मध्ये जामा मशीद, गुरुद्वारा, कालीबाडी आणि चर्च ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. रविवारी सकाळी त्या सेक्टरातून सायकलने जाताना एका टोकाला शबद आणि दुसऱ्या टोकाला प्रार्थनागीत ऐकू यावे, आणि दोहोंपैकी एकानेही दुसऱ्याचा स्वर बुडवू नये, हा अनुभव मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. ज्या देशाने आपले नवे कारखाने आणि धरणे हीच आधुनिक तीर्थक्षेत्रे मानली, त्या देशाच्या या तीर्थक्षेत्रात जुन्या देवांनाही जागा मिळाली, याचे मला नेहमी समाधान वाटते.

पण देवाला जागा मिळण्याचे मार्ग दोन असतात. अर्ज, नकाशा, पट्टा आणि पावती हा एक. आणि दुसरा मार्ग मी माझ्या व्हरांड्यातून पाहिला आहे. आमच्या रस्त्याच्या वळणावर एक कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी कोणीतरी एक गोटा ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. ज्या बाईने तो ठेवला तिचे मूल आजारी होते आणि ते बरे झाले, एवढेच मला ठाऊक आहे. पुढच्या चैत्रात गोट्याभोवती भंगारातल्या अग्निविटांचा कट्टा झाला. नंतर चार लोखंडी नळ्यांवर पत्रे आले. त्या पत्र्यांसाठी वर्गणी मागायला मुले आली तेव्हा मीही दिली, आणि देताना जमीन कोणाची हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मग घंटा आली, मग जाळीचे दार आणि त्याला कुलूप, मग पांढऱ्या टाइल्स, मग दानपेटी, आणि दानपेटीबरोबर तिची किल्ली कोणाकडे असावी याचा तंटा. ज्या दिवशी पायऱ्या पदपथावर आल्या त्या दिवसापासून शाळेची मुले पदपथ सोडून डांबरी रस्त्यावरून, ट्रकांच्या अंगाला अंग लावून चालू लागली. एका सहृदय शेजाऱ्याने पायऱ्या मागे घ्याव्यात असे सुचवले, तेव्हा त्याला आपली श्रद्धा सिद्ध करून दाखवावी लागली. त्या आजारी मुलाची आई कधीचीच हे शहर सोडून गेली होती. तिच्या गोट्यात जी आर्तता होती तिला मी आजही नमस्कार करतो. परंतु त्या कुलपाला नमस्कार करणे मला जमत नाही.

हा केवळ आमच्या वळणाचा इतिहास नाही. वडोदऱ्यात १ मे २००६ रोजी रस्त्यातला एक जुना दर्गा महापालिकेने पाडला, दंगल उसळली, माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने स्वतः होऊन सार्वजनिक जागांवरील धार्मिक अतिक्रमणे हटवण्याचा हुकूम दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला तातडीने स्थगिती दिली. त्याच प्रकरणातून २९ सप्टेंबर २००९ चा तो आदेश निघाला, ज्याने सांगितले की सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि तत्सम जागांवर मंदिर, मशीद, चर्च वा गुरुद्वारा यांच्या नावाने यापुढे एकही अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचे नाही, आणि जी आधीच उभी आहेत त्यांचा राज्य सरकारांनी एकेक करून विचार करावा. जानेवारी २०१३ मध्ये पुतळेही त्याच निर्बंधाखाली आले. २०१८ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीचे काम उच्च न्यायालयांकडे सोपवले. महाराष्ट्राने ५ मे २०११ च्या शासन निर्णयाने आपले धोरण ठरवले. त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयाला पुनःपुन्हा कानउघाडणी करावी लागली, आणि २०१८ मध्ये नागपुरात जेव्हा खरोखरीच हातोडे पडू लागले तेव्हा आमचे विदर्भातले आप्त रस्त्यावर उतरले.

या आदेशातील ‘एकेक करून’ या शब्दांवर माझे मन अडते. न्यायालयाचा हेतू करुणेचा होता. शंभर वर्षांचा दर्गा आणि कालचा चौथरा यांना एकाच मापाने मोजू नये, संपादित झालेल्या खेड्यांतले जे ठाकूरदेव आणि ज्या शीतळामाता कारखान्याच्या आधीपासून तेथे आहेत त्यांना अतिक्रमणदार ठरवू नये, हे अगदी योग्यच आहे. परंतु एकेक करून विचार करायचा तर सगळ्यांची यादी हवी, ती चावडीवर लावलेली हवी, आणि कोणाचा विचार आधी झाला व का झाला हे कोणालाही वाचता आले पाहिजे. तसे नसेल तर काय होते ते आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये पाहिले. सुपेल्यात, ज्याला सारे जी. ई. रोड म्हणतात त्या ग्रेट ईस्टर्न रोडलगत, करबला मशिदीच्या भोवतालची दुकाने, कमान आणि इतर बांधकामे महापालिकेने बुलडोझर लावून काढली. मूळ मशिदीला हात लावला नाही. पूर्वीच्या ‘साडा’ने, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाने, दिलेली जागा थोडी आणि प्रत्यक्ष व्यापलेली जागा कितीतरी अधिक, असे महापालिकेचे म्हणणे होते. ते खरे असेल तर कारवाई कायद्याला धरून होती आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तरीही एकच प्रश्न बाकी राहतो, आणि तो मुसलमान शेजाऱ्याने विचारण्याआधी मीच विचारला पाहिजे: माझ्या वळणावरच्या त्या पांढऱ्या टाइल्सची मिसल कोणत्या कपाटात आहे, आणि तिचा क्रमांक कितवा?

या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी नोंदवही ज्या शहरात नाही, तेथे न्याय्य कारवाईही पक्षपातासारखी दिसते आणि पक्षपातही न्यायाच्या वेषात वावरू शकतो. शेजाऱ्याच्या मनात जो सल राहतो तो भिंत पडल्याचा नसतो; आपलीच भिंत का, याचे उत्तर कोणी दिले नाही, याचा असतो.

आपण मराठी माणसांनी या विषयात अधिक समजून बोलले पाहिजे, कारण राज्य आणि धर्म यांचे दोन्ही प्रकारचे नाते आपल्या इतिहासात आहे. या छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर बिंबाजी भोसल्यांनी बांधले, आणि आजही तेथे गेले की मराठी मन भरून येते. मंदिर बांधणे, इनाम देणे, सनदा करून देणे हा राजाचा धर्मच होता, कारण खजिना त्याचा आणि पुण्यही त्याचे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनने ती परंपरा काही अंशी चालू ठेवली आणि तिच्यातील काही रक्कम १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यातील पाठशाळेकडे वळवली. पण १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि पुण्यातील काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो, बक्षीस म्हणून द्यावा. तेव्हा पुण्यात केवढा क्षोभ उसळला होता! सार्वजनिक पैसा एका वर्णाच्या पुण्यासाठी आहे की साऱ्यांच्या विद्येसाठी, हा प्रश्न मराठी तरुणांनी मराठी भूमीवर विचारला, आणि तो विचारण्यासाठी त्यांना फ्रान्सचा वा अमेरिकेचा कायदा वाचावा लागला नाही. पुढे १८६३ च्या विसाव्या कायद्याने इंग्रज सरकारनेही देवळे आणि मशिदी यांच्या कारभारातून आपले अंग काढून घेतले. त्याच्या मनात आमच्याविषयीच्या आदरापेक्षा मिशनऱ्यांचा तगादा अधिक होता, हे मान्य करूनही ते पाऊल योग्य होते असे मी म्हणतो.

प्रजासत्ताकाचा खजिना कोणा बिंबाजीचा नसतो. त्यात सेक्टर ६ च्या मशिदीतल्या नमाज्याचा कर आहे, कालीबाडीच्या पुरोहिताचा आहे, आणि ज्याला कोणताच देव मान्य नाही त्या माझ्या मित्राचाही आहे. म्हणूनच घटनेच्या २७ व्या कलमाने सांगितले की ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच खर्ची घातले जाणार आहे असा कर देण्याची कोणावरही सक्ती करता येणार नाही. न्यायालयांनी या कलमाचा अर्थ बराच आखूड धरला आहे, आणि सर्वसाधारण खजिन्यातून होणारा खर्च त्याच्या कचाट्यात सहसा सापडत नाही. परंतु जे न्यायालयात टिकते ते सारेच औचित्याला धरून असते असे थोडेच आहे? आमच्या राज्यात या बाबतीत दोन्ही मोठ्या पक्षांचे वर्तन एकसारखे आहे. काँग्रेसच्या सरकारने राम वनगमन पर्यटन परिपथ आखला, त्याच्या पहिल्या टप्प्यात ९ स्थळे घेतली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चंदखुरीच्या कौसल्यामाता मंदिराच्या नूतनीकरणाचा थाटात लोकार्पण सोहळा केला. भारतीय जनता पक्षाचे सरकार आले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने दरवर्षी सुमारे २०,००० लोकांना शासनाच्या खर्चाने अयोध्येला नेण्याची योजना मंजूर केली. रामाविषयी माझ्या मनात जी भक्ती आहे ती माझ्या आजीने मला दिली. ती कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीसाठी कधी थांबली नव्हती, आणि चंदखुरीचे ते जलसेन तळ्यातले मंदिर पर्यटन विभागाच्या दिव्यांवाचूनही मला तितकेच प्रिय होते.

या युक्तिवादात एके ठिकाणी मात्र माझा पाय अडखळतो, आणि ते ठिकाण म्हणजे गिरौदपुरी. गुरू घासीदासांच्या त्या जन्मभूमीत राज्य सरकारने ७७ मीटर उंचीचा, कुतुबमिनारालाही मागे टाकणारा शुभ्र जैतखाम उभारला. जैतखाम म्हणजे सतनामी समाजाचा पांढऱ्या ध्वजाचा स्तंभ. त्यात मूर्ती नाही आणि गाभारा नाही. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, त्याचा स्तंभ राज्याने आपल्या पैशाने आकाशाएवढा केला, तर तो धर्माचा पुरस्कार म्हणायचा की जुन्या अन्यायाची भरपाई? मी तत्त्वाला धरून चालणारा माणूस असलो तरी तेथे उभा राहिलो असता खजिन्याचा हिशेब मागण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि तरीही हेही विसरता येत नाही की त्याच परिसरात, महकोनीजवळच्या अमरगुफेतील जैतखामाची मे २०२४ मध्ये कोणी मोडतोड केली, तपासाविषयी समाजाचे समाधान झाले नाही, आणि १० जून २०२४ रोजी बलौदाबाजारात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या कचेऱ्या जळाल्या. शासनाने उभारलेला प्रचंड स्तंभ त्या समाजाला मान देऊ शकला. पण एका लहानशा स्तंभाच्या विटंबनेची चौकशी विश्वासार्ह आहे, एवढी खात्री शासन त्याला देऊ शकले नाही. तहसिलीत आणि ठाण्यात अर्ज वेळेवर घेतला जाणे हा त्या समाजाचा खरा सन्मान ठरला असता, आणि त्याला ७७ मीटरही लागले नसते.

हा पेच आपलाच एकट्याचा आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत अलाबामाच्या मुख्य न्यायाधीशाने २००१ मध्ये न्यायालयाच्या इमारतीत बायबलातील दहा आज्ञांची प्रचंड शिळा बसवली. संघीय न्यायालयाचा हुकूम मोडल्याने २००३ मध्ये शिळाही गेली आणि त्यांचे पदही गेले. पुढे २७ जून २००५ रोजी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले: केंटकीच्या न्यायालयांत नुकत्याच लावलेल्या दहा आज्ञा घटनाबाह्य ठरल्या, आणि टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात १९६१ पासून उभी असलेली शिळा राहू दिली गेली. निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी चाळीस वर्षांत त्या शिळेविषयी कोणी तक्रार केली नव्हती या गोष्टीला वजन दिले. आपल्याकडे यालाच वहिवाट म्हणतात. फ्रान्सने १९०५ च्या कायद्यात अधिक स्वच्छ मार्ग धरला: कायद्यापूर्वीचे जे आहे ते असो, यापुढे सार्वजनिक जागेवर धर्मचिन्ह नको, देवालये, दफनभूमी आणि संग्रहालये तेवढी अपवाद. त्याच नियमाने २०१७ मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या प्लोएरमेल येथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पुतळ्यावरील कमानीचा क्रूस काढण्याचा निर्णय झाला. नियम कठोर खरा, पण तो सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता.

वहिवाटीचे बळ आपल्याकडे तर दुप्पट असते, कारण आपल्या कायद्यात प्रतिष्ठापित देवमूर्ती ही स्वतःच एक विधिमान्य व्यक्ती आहे. तिच्या नावे मालमत्ता राहते, ती दावा लावू शकते. म्हणून गोट्याचा कट्टा होईपर्यंत डोळे मिटून बसणारा अधिकारी आणि कट्ट्याचे देऊळ झाल्यावर बुलडोझर मागवणारा अधिकारी यांच्यात पहिल्याचा अपराध मला मोठा वाटतो. कट्ट्याच्या वेळी एका सौजन्याच्या भेटीने जे झाले असते, ते देवळाच्या वेळी शंभर पोलिसांनीही होत नाही. माझी मागणी लहान आहे. कारखान्याची असो, महापालिकेची असो वा नजूल असो, सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक धर्मस्थानाची नोंद, त्याचे वय, परवानगी, दिलेले क्षेत्र आणि व्यापलेले क्षेत्र यांसह, प्रत्येक वॉर्ड कार्यालयात भिंतीवर लावावी. आणि जे काढायचे ते त्या यादीच्या क्रमाने, चाल अडवणारे आधी, या एकाच निकषावर काढावे. त्या यादीत माझ्या वळणाचे देऊळ पहिल्या क्रमांकावर आले तर ते हलवताना विधिपूर्वक मूर्ती उचलायला मी स्वतः उभा राहीन.

अशी नोंद ठेवणे अशक्य नाही; आमच्या गणेशोत्सवाच्या कागदांचीच एक जाड फाइल आहे. तिच्यात मैदानाच्या परवानगीचे अर्ज आहेत, तात्पुरत्या वीज जोडणीच्या पावत्या आहेत, अनामत रकमेच्या पोचा आहेत, आणि ज्या मंडळींनी त्या जपल्या त्यांतले कित्येकजण आता या जगात नाहीत. अनंत चतुर्दशीला शिवनाथ नदीवर विसर्जन करून परत आल्यावर सगळे थकलेले असतात; पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पाळीला न गेलेली चार-सहा माणसे मैदानावर येतात, मंडपाचे बांबू उपसतात, आणि प्रत्येक खड्ड्यात मुरूम भरून, वर पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून जमीन सपाट करतात. एकदा एका मुलाने विचारले, काका, पुढच्या वर्षी इथेच तर खणायचे आहे, मग बुजवायचे कशाला? त्याला उत्तर न देता त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी पलीकडे बोट केले. तिथे फुटबॉल घेऊन पोरे उभीच होती, आणि त्यांच्यात सरदारजींचा मुलगा होता, मशिदीच्या मौलवींचा नातू होता, आणि आमच्या गणपतीपुढे दहा दिवस आरती म्हणणारी दोन पोरेही होती.